मराठ्यांनी उदयपूर, जयपूर, जोधपूरकडून खंडणी वसूल केली, मग जैसलमेर कसं सुटलं?

विरार पूर्वेचं चंदनसार. नाव नुसतं वाचलं तर राजस्थानातल्या एखाद्या गावाचं वाटेल. कारण तिकडे ‘सर’ म्हणजे तळं. जैसलमेरचं गडीसर, जोधपूरच्या किल्ल्याखालचं राणीसर आणि पदमसर, बिकानेरकडची नापासर आणि लूणकरणसर ही गावं. वाळवंटात जिथे पाणी साठलं तिथे वस्ती झाली, आणि पाण्याचं नाव वस्तीला चिकटलं.

चंदनसारहून पूर्वेला गेलं की थोड्या वेळात मुंबई-अहमदाबाद महामार्ग लागतो. आपण त्याला अहमदाबाद हायवे म्हणतो, पण तो अहमदाबादला संपत नाही. हाच राष्ट्रीय महामार्ग ४८ पुढे उदयपूर, चित्तोडगड, भीलवाडा, किशनगड करत जयपूरला आणि तिथून दिल्लीला जातो. विरार फाट्यावर रात्री उभ्या राहणाऱ्या राजस्थानच्या खासगी बस याच रस्त्याने जातात. दिवाळीच्या आणि नाताळच्या सुट्टीत वसई-विरारची कितीतरी कुटुंबं त्यात असतात. उदयपूरचा तलाव, चित्तोडचा विजयस्तंभ, जयपूरचा हवामहल, जोधपूरचा मेहरानगड, मग जैसलमेरला उंटावर बसून फोटो. आठ दिवसांची सहल साधारण अशीच ठरते.

यातल्या जवळपास प्रत्येक ठिकाणी पावणेतीनशे-तीनशे वर्षांपूर्वी मराठे पोहोचले होते. कुणी पाहुणे म्हणून, कुणी मदतीला बोलावलेले, आणि बरेच जण वसुलीला. अपवाद फक्त सहलीच्या शेवटच्या टप्प्याचा. जैसलमेरच्या सोन्यासारख्या दिसणाऱ्या किल्ल्याला मराठ्यांनी वेढा घातला नाही, त्याच्याकडून खंडणीही घेतली नाही. बिकानेरची गोष्टही जवळपास तीच.

असं का झालं, हे समजून घ्यायचं तर आधी राजस्थानचा नकाशा डोळ्यांसमोर आणावा लागेल.

राजस्थान म्हणजे सगळं वाळवंट नाही

अरवलीची डोंगररांग राजस्थानाला तिरकी कापत जाते, नैऋत्येला अबूपासून ईशान्येला दिल्लीच्या दिशेने. तिच्या पूर्वेला आणि दक्षिणेला उदयपूर, चित्तोड, बुंदी, कोटा, जयपूर. इथे नद्या आहेत, तलाव आहेत, शेती पिकते. पश्चिमेला मारवाड, म्हणजे जोधपूर, नागौर. आणि त्याही पलीकडे बिकानेर, जैसलमेर, म्हणजे खरं थरचं वाळवंट.

पावसाचं उदाहरण घेतलं की फरक लगेच कळतो. जैसलमेरला वर्षभरात साधारण २०० मिलिमीटर पाऊस पडतो. वसई-विरारमध्ये जुलैतल्या एखाद्या वाईट दिवशी, लोकल बंद पडतात त्या दिवशी, एवढा पाऊस चोवीस तासांत पडून जातो.

मराठे माळव्यातून वर आले. म्हणजे अरवलीच्या ओल्या बाजूने.

चिमाजी आप्पांची आई आधी जाऊन आली होती

वसईचा किल्ला कुणी घेतला हे इथल्या शाळकरी पोरालाही माहीत असतं. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी पोर्तुगिजांकडून तो जिंकला. पण त्याच्या चार वर्षं आधी चिमाजींच्या आणि बाजीरावांच्या आई राधाबाई राजस्थानातून प्रवास करून आल्या होत्या, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं.

राधाबाई १७३५ च्या फेब्रुवारीत पुण्याहून काशीयात्रेला निघाल्या. बुऱ्हाणपूर, नर्मदा ओलांडून मे महिन्यात उदयपूर. मे महिन्यातलं राजस्थान म्हणजे काय, ते आज एसी गाडीतून गेलेल्यालाही कळतं. त्या पालखी-मेण्यातून गेल्या. उदयपूरला महाराणांनी त्यांचा सन्मान केला. नाथद्वाऱ्याला श्रीनाथजींचं दर्शन झालं. जयपूरला सवाई जयसिंहांनी त्यांचा पाहुणचार केला. तिथून मथुरा, प्रयाग, काशी, गया करून त्या पुढच्या वर्षी पुण्याला परतल्या. बुंदेलखंडात १७२९ साली बाजीरावांकडून हरलेला मोगल सरदार महंमदखान बंगश, त्यानेही या यात्रेत त्यांना त्रास दिला नाही, उलट मान दिला.

ही निव्वळ तीर्थयात्रा नव्हती. आईचं स्वागत कोण कसं करतं, यावरून कुठल्या दरबाराचा कल कुठे आहे याचा अंदाज पुण्याला येत होता. दोन्ही बाजूंना ते कळत होतं. राजपूत राजांना मोगलांची सत्ता खिळखिळी होताना दिसत होती आणि दक्षिणेकडून नवी ताकद येताना दिसत होती. पाहुणीचा मान राखण्यात आदर होता, तशी काळजीही होती.

राखीपासून सुरुवात

मराठे राजस्थानात घुसले कसे? पहिल्यांदा तरी बोलावणं आलं म्हणून.

बुंदीच्या गादीवरून बुद्धसिंह हाडा यांना जयपूरच्या सवाई जयसिंहांनी हटवलं आणि आपल्या जावयाला, दलेलसिंहाला, बसवलं. गंमत अशी की बुद्धसिंहांची राणी जयसिंहांचीच सावत्र बहीण. भावाने नवऱ्याचं राज्य काढून घेतलं म्हटल्यावर तिने मराठ्यांकडे निरोप धाडला. १७३४ च्या एप्रिलमध्ये मल्हारराव होळकर आणि राणोजी शिंदे बुंदीवर आले आणि त्यांनी शहर घेतलं. राणीने मल्हाररावांना राखी बांधली. मराठे माघारी गेले आणि जयसिंहांनी पुन्हा दलेलसिंहाला गादीवर बसवलं, ते वेगळं.

पण सगळ्या राजपुतान्याला धोका कळला. आज बुंदीच्या भांडणात आले, उद्या आपल्या घरात येतील. म्हणून त्याच वर्षी १७ जुलैला मेवाडमधल्या हुरडा इथे राजे जमले. उदयपूरचे महाराणा जगतसिंह दुसरे, जयपूरचे जयसिंह, जोधपूरचे अभयसिंह, नागौरचे बख्तसिंह, कोटा, बिकानेर, किशनगड, करौली. करार झाला की सगळ्यांनी एक राहायचं, एकाच्या शत्रूला दुसऱ्याने थारा द्यायचा नाही, आणि पावसाळा संपला की सैन्य घेऊन रामपुऱ्याला भेटायचं.

पावसाळा संपला, पण ही एकजूट काही टिकली नाही. प्रत्येकाचा हिशोब वेगळा होता. पुढची ऐंशी वर्षं मराठ्यांना राजस्थानात जे जमलं, त्याचं मोठं कारण मराठ्यांच्या तलवारीइतकंच हुरड्याचं अपयश हेही आहे. हे हुरडा गुलाबपुऱ्याला लागून आहे, भीलवाड्याहून जयपूरकडे जाताना, याच महामार्गाच्या अंगाला. सहलीच्या बस सहसा तिथे थांबत नाहीत.

दोन वर्षांनी, १७३६ च्या सुरुवातीला, बाजीराव स्वतः उदयपूरला आले. दरबारात महाराणांनी शेजारी शेजारी दोन आसनं मांडली होती. मेवाडच्या घराण्याचा मान ठेवून बाजीराव बरोबरीच्या आसनावर न बसता खाली बसले, ही गोष्ट मराठी इतिहासात कौतुकाने सांगितली जाते. तिचा पुढचा भाग कमी सांगितला जातो. पिछोला तलावातल्या जगमंदिर महालात पाहुण्यांना न्यायचं ठरलं तेव्हा तिथे दगा होणार अशी कुजबुज बाजीरावांच्या कानावर आली आणि ते संतापले, अशीही हकिकत आहे. शेवटी मेवाडने दरवर्षी पैसे द्यायचं कबूल केलं. आदर खरा होता आणि वसुलीही खरी होती. आज जगमंदिरात बड्या लोकांची लग्नं लागतात आणि पर्यटकांच्या बोटी तिथे जाऊन येतात.

उदयपूरनंतर बाजीराव आणि सवाई जयसिंह यांची भेट किशनगडजवळ भंभोलाव इथे झाली. दोघांचं जमलंही. जयसिंह होते तोवर जयपूर आणि पुणे यांच्यात बोलणं होत राहिलं. १७४३ साली जयसिंह गेले आणि घडी विस्कटली.

जयपूरमधला तो दिवस

जयपूरला त्रिपोलिया बाजारात उभं राहिलं की एक उंच सात मजली मनोरा दिसतो. त्याचं नाव ईसरलाट, लोक त्याला सरगासूली असंही म्हणतात. जयसिंहांचे थोरले पुत्र ईश्वरीसिंह यांनी १७४९ मध्ये तो बांधला. त्याच्या दोन वर्षं आधी राजमहलच्या लढाईत त्यांनी सावत्र भाऊ माधोसिंह आणि त्याला पाठिंबा देणारे मेवाड, कोटा, बुंदी यांना हरवलं होतं, त्याची ही आठवण.

पण मनोरा उभा राहिला तोवर त्या विजयातलं बरंच काही निसटलं होतं. माधोसिंहांनी होळकरांना आपल्या बाजूला घेतलं. १७४८ च्या बगरूच्या लढाईनंतर ईश्वरीसिंहांना मुलूख आणि पैसे देण्याचं कबूल करावं लागलं. मराठ्यांशी बोलणी करू शकणारा दिवाण केशवदास, त्यालाच ईश्वरीसिंहांनी विष घ्यायला लावलं. पैसे थकले. १७५० च्या डिसेंबरात मल्हारराव होळकर वसुलीसाठी जयपूरवर चालून आले.

तिजोरी रिकामी होती. ईश्वरीसिंहांनी विष घेतलं, नागाचा दंश करून घेतला आणि जीव दिला. त्यांच्याबरोबर राण्यांनीही प्राण सोडले. जयपूरच्या इतर महाराजांच्या छतऱ्या गैटोरला आहेत, ईश्वरीसिंहांची मात्र राजवाड्यामागच्या जयनिवास बागेच्या परिसरात आहे. (राजस्थानात दहनस्थळी उभारलेल्या घुमटीला छतरी म्हणतात.) विजयाचा मनोरा आणि ही छतरी यांच्यात चालत जाण्याइतकंच अंतर आहे, आणि मधली वर्षं जेमतेम दीड.

मल्हाररावांनी माधोसिंहांना गादीवर बसवलं. म्हणजे मराठ्यांचाच माणूस राजा झाला. मग सगळं सुरळीत व्हायला हवं होतं. पण जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात जयाप्पा शिंदेही फौज घेऊन आले आणि मागणी वाढली. आधी पैसे, मग आणखी पैसे, मग मुलखातला वाटा. ज्या माधोसिंहांनी मराठ्यांना बोलावलं, त्यांनाच आता ते नकोसे झाले. शहराच्या मनात तर आपला राजा ज्यांच्यामुळे मेला त्यांच्याबद्दल धग होतीच.

१० जानेवारी १७५१. जयपूर तेव्हा अवघं तेवीस-चोवीस वर्षांचं नवंकोरं शहर होतं. सरळ रुंद रस्ते, आखलेले चौक, असं शहर हिंदुस्थानात दुसरं नव्हतं. बाहेर तळावर असलेले हजारो मराठे ते बघायला आत गेले होते. कुणी देवदर्शनाला, कुणी खरेदीला, कुणी नुसतं फिरायला. म्हणजे आज आपण जसे जातो तसे. दुपारच्या सुमारास शहराचे दरवाजे बंद झाले आणि कत्तल सुरू झाली. ती रात्रीपर्यंत चालली. मेलेल्यांचा आकडा तीन हजारांच्या घरात सांगितला जातो. त्यात शिपाई होते, कारकून होते, ब्राह्मण होते, सेवक होते. बाहेरच्या वाटांवर मराठ्यांचे निरोपे गाठून मारले गेले.

माधोसिंहांनी हात वर केले, हे लोकांनी परस्पर केलं म्हणाले, आणि भरपाई देऊन विषय मिटवला. मराठ्यांना लगेच दोआबात वजीर सफदरजंगाच्या मदतीला जायचं होतं, त्यामुळे तेही निघाले.

या घटनेकडे महाराष्ट्रातून पाहिलं तर दगा दिसतो. जयपूरच्या बाजूने पाहिलं तर महिनाभर गळ्याशी आलेला फास झटकून टाकल्यासारखं दिसतं. दोन्हीकडच्या पुस्तकांत एकच दिवस आहे, पण गोष्ट वेगळी आहे. मारले गेलेले बहुतेक लोक मात्र ना खंडणी ठरवणारे होते ना गादीवर हक्क सांगणारे.

नागौर : वाळवंटाच्या उंबरठ्यावर

आता अरवली ओलांडून पश्चिमेला.

जोधपूरमध्येही तोच खेळ झाला. गादीसाठी रामसिंह आणि विजयसिंह या चुलतभावांचं भांडण. रामसिंहांनी शिंद्यांची मदत मागितली. राणोजी शिंद्यांचे थोरले पुत्र जयाप्पा मारवाडमध्ये उतरले. १७५४ च्या सप्टेंबरात मेडत्याजवळ विजयसिंहांचा पराभव झाला आणि ते पळून नागौरच्या किल्ल्यात शिरले. जयाप्पांनी वेढा घातला. सोबतीला जोधपूर, जालोर या ठिकाणीही फौजा अडकवल्या.

नागौरचा किल्ला, अहिछत्रगड, हा चित्तोडसारखा डोंगरावर नाही. सपाट जमिनीवर आहे. दिसायला सोपा. पण आत पाणी साठवण्याची उत्तम सोय होती आणि बाहेर काहीच नव्हतं. आजूबाजूच्या विहिरी कमी, खोल आणि बऱ्याच खाऱ्या.

इथे एक साधं गणित करून बघू. घोड्याला दिवसाला साधारण ३० लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात जास्तच. दहा हजार घोड्यांची फौज धरली तर रोजचं तीन लाख लिटर. विरार पूर्वेला टँकरचा हिशोब कुणाला समजावून सांगावा लागत नाही: दहा हजार लिटरचे तीस टँकर, रोज, फक्त घोड्यांसाठी. त्यात माणसं, बैल, उंट, हत्ती, बाजारबुणगे धरलेले नाहीत. शिवाय चारा. कोकण-देशावरच्या फौजेचं सगळं बळ तिच्या वेगात होतं, आज इथे तर परवा चाळीस कोसांवर. ती फौज एका तळ्याच्या काठाला वर्षभर बांधली गेली, की निम्मी लढाई तिथेच हरल्यासारखी.

जयाप्पांचा तळ नागौरजवळ ताऊसरला होता. पुन्हा तेच ‘सर’. तडजोड करून मोकळं व्हा, असा पुण्याचा सूर होता. जयाप्पांना ते पटलं नाही. हिवाळा गेला, मारवाडचा उन्हाळा गेला, आणि १७५५ च्या जुलैत विजयसिंहांच्या मारेकऱ्यांनी वेष पालटून छावणीत शिरून जयाप्पांचा खून केला. चवताळलेल्या मराठ्यांनी छावणीत असलेल्या राजपुतांवर हत्यार धरलं. त्यात मध्यस्थीसाठी आलेले मेवाडचे सलूंबरचे रावत जैतसिंह मारले गेले. त्यांचा या खुनाशी काही संबंध नव्हता.

जयाप्पांचे धाकटे भाऊ दत्ताजी यांनी वेढा चालू ठेवला. होय, बुराडी घाटावर पडले तेच दत्ताजी. विजयसिंह किल्ल्यातून निसटून मदतीसाठी बिकानेरला गेले, पण कुमक काही जमली नाही. १७५६ च्या सुरुवातीला तह झाला. ५० लाखांची रक्कम आणि अजमेर मराठ्यांना. राजस्थानी बखरींत अजमेर दिल्याला ‘मुंडकटी’ म्हणतात, म्हणजे कापलेल्या मुंडक्याची भरपाई. जयाप्पांच्या जिवाची ती किंमत होती.

कागदावर हा विजयच. पण शिंद्यांचा कर्ता पुरुष गेला, सव्वा वर्ष फौज अडकून पडली, आणि कबूल झालेली रक्कम हातात पडायला पुढे किती वेळा तगादा लावावा लागला! पाच वर्षांनी पानिपत झालं. तोवर दत्ताजी गेले होते, पानिपतानंतर जयाप्पांचे पुत्र जनकोजीही गेले.

नागौरच्या पुढे वाळू

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. नागौरच्या उंबरठ्यावर ही अवस्था, तर पुढे बिकानेर आणि जैसलमेरचं काय?

तिथे विहिरी काही ठिकाणी दोन-तीनशे फूट खोल. दोन विहिरींमधलं अंतर दिवसाच्या वाटेचं. आणि त्या विहिरी स्थानिकांच्या ताब्यात. शत्रू येतोय कळलं की विहीर वाळूने बुजवायची, ही तिथली जुनी युद्धनीती. १५४२ साली शेरशहापासून पळणारा हुमायून या भागातून अमरकोटकडे गेला तेव्हा जैसलमेरकरांनी वाटेतल्या विहिरी बुजवल्या होत्या. त्याची माणसं-जनावरं तहानेने मेली. त्याच प्रवासाच्या शेवटी अमरकोटला अकबराचा जन्म झाला.

जैसलमेरच्या किल्ल्याला तटबंदी आहे, बुरूज आहेत. पण त्याचा खरा तट म्हणजे भोवतालची दीडशे-दोनशे किलोमीटरची वाळू. गडीसर तलावात साठलेलं पावसाचं पाणी शहराला पुरायचं. बाहेरून आलेल्या फौजेला ते कधीच पुरलं नसतं.

दुसरं कारण रोकडं आहे. मराठ्यांचं लक्ष माळवा ते दिल्ली या रस्त्यावर होतं. जयपूर, अजमेर त्या रस्त्यावर पडतात, जैसलमेर कुठल्याच बाजूने पडत नाही. तिथवर जाऊन येण्याचा खर्च वसुलीपेक्षा जास्त झाला असता. मोहीम काढणारे सरदार कर्जबाजारी असायचे, त्यांना हा हिशोब चांगला कळायचा.

याचा कागदोपत्री पुरावाही आहे. १८१८ साली राजपूत राज्यांनी इंग्रजांशी तह केले. त्यात इंग्रजांनी एक सोपा नियम लावला: मराठ्यांना जे देत होता ते आता आम्हाला द्या. जोधपूरवर वर्षाला १ लाख ८ हजार रुपये बसले. बिकानेर आणि जैसलमेरवर एक पैसाही बसला नाही, कारण ते मराठ्यांना काही देतच नव्हते. वाळवंट कुठे सुरू होतं, हे त्या तहांवरून नकाशावर रेघ मारून दाखवता येईल.

मग खरं चित्र कोणतं?

राजस्थानात मराठ्यांची प्रतिमा बरीचशी कर्नल जेम्स टॉडच्या पुस्तकातून आली. १८२९ ते १८३२ मध्ये छापलेल्या त्याच्या ग्रंथात मराठे म्हणजे राजपुतान्याची धूळधाण करणारे लुटारू. टॉडने खूप माहिती जमवली, पण तो उदयपूरला इंग्रजांचा प्रतिनिधी होता आणि मराठ्यांपासून सोडवणारे आम्ही, हे सांगणं त्याच्या कामाचाच भाग होता. मराठीत मात्र रियासतकार सरदेसाईंपासून आजच्या रील्सपर्यंत भर असतो तो अटकेपर्यंतच्या भरारीवर. जयपूर-मारवाडच्या वसुलीचा विषय त्यात झटकन उरकला जातो.

टॉड पक्षपाती होता म्हणून वसुली खोटी ठरत नाही. उदयपूरच्या राजवाड्यात कृष्णविलास नावाचं दालन आहे. राजकन्या कृष्णाकुमारीच्या आठवणीचं. तिच्या लग्नावरून जयपूर आणि जोधपूर भिडले, त्यात दौलतराव शिंदे आणि पेंढाऱ्यांचा अमीरखान यांनी आपापली पोळी भाजून घेतली. १८१० साली, अवघ्या सोळाव्या वर्षी, तिला विष देण्यात आलं. मेवाड इतकं खचलं होतं की मुलीला वाचवण्यापेक्षा मारणं सोपं वाटलं. खचण्याची ती प्रक्रिया १७३६ च्या करारापासून सुरू झाली होती.

पण दोष एकट्या दखण्यांचा म्हणावा, तर जोधपूरच्या मेहरानगडावर तिकीट काढून ज्या दरवाजातून आत शिरतो तो जयपोल बघावा. महाराजा मानसिंहांनी १९व्या शतकाच्या सुरुवातीला तो बांधला, जयपूर आणि बिकानेरच्या फौजा परतवल्या त्याची आठवण म्हणून. पुढच्या एका दरवाजावर तोफगोळ्यांच्या खुणा दाखवतात, त्याही जयपूरच्या तोफांच्या.

जायचं असेल तर

बोरिवलीहून जोधपूरला थेट गाड्या आहेत, सोळा-सतरा तास लागतात. जोधपूरहून नागौर साधारण १३५ किलोमीटर, बिकानेरच्या रस्त्यावर. मुंबईहून जोधपूरमार्गे बिकानेरला जाणारी रेल्वेही नागौरला थांबते. अहिछत्रगडाच्या जतनाला २००२ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. आतले हौद, कारंजी आणि पाणी खेळवण्याची व्यवस्था नीट बघितली की वेढा सव्वा वर्ष का चालला ते तिथेच समजतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा.

रस्त्याने जाणाऱ्यांसाठी विरारहून उदयपूर साधारण ७०० किलोमीटर, तिथून चित्तोड सव्वाशेच्या आत. १७९१ मध्ये महादजी शिंद्यांनी चित्तोडला वेढा घातला होता, तोही महाराणांच्याच विनंतीवरून, बंडखोर चुंडावत सरदारांना बाहेर काढायला. पुढे गुलाबपुऱ्याला हुरड्याचा फाटा, मग किशनगड, मग जयपूर. ईसरलाटवर चढायला मिळतं आणि वरून आखीव रस्त्यांचं जुनं शहर सगळं दिसतं.

ताऊसर नागौर शहराला लागूनच आहे. तिथे जयाप्पा शिंद्यांची छतरी अजून उभी आहे.